पाळी जाण्याचे वय आणि वालीवचे गाळे

वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींत राबणाऱ्या स्त्रियांसाठी आपण आजवर ज्या मागण्या मांडल्या, त्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. किमान वेतन, हजेरीपटावर नाव, भविष्यनिर्वाह निधी, कंत्राटदाराकडून पगाराची पावती, बाळंतपणाची रजा आणि २०१३ च्या कायद्यानंतर लैंगिक छळाविरुद्धची समिती. या यादीत स्त्रीचे शरीर दोनदा डोकावते : ती आई होते तेव्हा आणि तिच्यावर कुणी हात टाकतो तेव्हा. पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात त्याच शरीरात जे काही घडते, त्याचा उल्लेख माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही निवेदनात नाही. संध्याकाळी सुटीच्या वेळी वालीव फाट्यावर पंधरा मिनिटे उभे राहिले, तर रिक्षासाठी खोळंबलेल्या बायकांत त्या वयाच्या किती असतात ते कुणालाही दिसेल. त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

वैद्यकाच्या भाषेत याला रजोनिवृत्ती म्हणतात. बायका 'पाळी जाणे' म्हणतात आणि तोच शब्द बरा. ही घटना एका दिवसात घडत नाही. आधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते, कधी अतोनात जाते, कधी दोन-दोन महिने येत नाही. सलग बारा महिने आली नाही म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. भारतात याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास पडते, पाश्चात्त्य देशांत ५१. या काळात बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी होते आणि मेंदूतील जे केंद्र शरीराचे तापमान राखते ते फार हळवे बनते. एरवी तापमान किंचित वरखाली झाले तर हे केंद्र तिकडे दुर्लक्ष करते. आता तेवढ्याशा फरकाने ते जागे होते आणि अंग तापले असे समजून ते थंड करण्याच्या मागे लागते. छातीतून, मानेतून, चेहऱ्यावर एकाएकी वाफ चढते, काळीज धडधडते, कानशिले तापतात, घामाच्या धारा लागतात आणि दोन-चार मिनिटांनी तीच स्त्री कुडकुडते. दिवसातून एकदा की पंधरा वेळा, हे प्रत्येकीचे वेगळे. ज्यांना हा त्रास वारंवार होतो अशा स्त्रियांचा अमेरिकेत दीर्घकाळ अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात या त्रासाच्या कालावधीची मध्यगा ७.४ वर्षे निघाली. म्हणजे निम्म्या स्त्रियांना तो त्याहूनही अधिक काळ सोसावा लागला. 'चार दिवसांचे आहे, सरेल' असे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे निसर्गाचे काम झाले आणि त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. परंतु ती वाफ कोणत्या छपराखाली, किती वाजता आणि कुणाच्या नजरेसमोर येते, हे मात्र निसर्गाने ठरवलेले नाही.

गाळा म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. चार भिंती, वर पत्रा किंवा सिमेंटचा पन्हळी पत्रा, पुढे शटर, मागे क्वचित एखादी खिडकी. आत प्लॅस्टिकच्या वस्तू, खोकी, तयार कपडे, यंत्रांचे सुटे भाग, नाही तर पाकिटे भरण्याचे काम. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आणि पश्चिमेला खाडी व समुद्र असा हा मुलूख. हवा दमट, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज अंग निवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला पत्रा असा तापतो की धडधाकट तरुणालाही घेरी यावी. त्यात पाकीट बंद करण्याच्या यंत्राची धग वेगळी. पंखा असतो, पण हलकी पाकिटे उडतात म्हणून तो बंद ठेवला जातो, किंवा तो सुपरवायझरच्या टेबलाच्या दिशेने असतो. बावन्न वर्षांच्या एका बाईंनी मला सांगितले, "मॅडम, अंगातून वाफ निघते तेव्हा मी पदर तोंडावर घेते. लोकांना वाटते, बाई रडते आहे." काम नगावर असते. दोन मिनिटे हात थांबला की तेवढे नग कमी, आणि पाणी मारायला मोरीपर्यंत जाऊन यायचे तर दहा मिनिटे. एका रांगेतल्या कित्येक गाळ्यांना मिळून एक संडास, त्याची किल्ली वॉचमनकडे. म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे, हा उपाय बायकांनी फार पूर्वीच शोधून ठेवला आहे. घाम वाहून जातो आहे आणि पाणी आत जात नाही, हे वेगळ्या आजाराला दिलेले आमंत्रण आहे.

रात्रीचे हाल याहून वाईट. वालीवच्या, नालासोपाऱ्याच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली, तीत पाच-सहा माणसे, आणि पंख्याखालची जागा कमावत्या मुलाची किंवा नातवाची. मध्यरात्री ती घामाने चिंब होऊन उठते. गाऊन बदलायचा तर आडोसा नाही. दिवा लावला तर घर जागे होते. दार उघडून ओट्यावर बसावे तर शेजारी काय म्हणतील, शिवाय एवढ्या रात्री दार उघडे ठेवण्याची भीतीही असतेच. अंगावर पाणी घ्यायचे तर पिंपात उद्या सकाळचे मोजके पाणी. मग ती मोरीत ओला फडका मानेवर ठेवून बसून राहते. पहाटे चारला नळ येतो किंवा पाण्याची रांग लागते, तेव्हा ती उठलेलीच असते. अर्थशास्त्र शिकवताना 'श्रमशक्तीचे पुनरुत्पादन' हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. अन्न, निवारा, कपडे असा त्याचा खर्च आम्ही मांडत असू. झोप त्यात गृहीतच धरलेली असे, जणू ती फुकट मिळते. अनेक वर्षे झोपमोड झालेल्या कामगाराच्या हातून यंत्रावर चूक झाली तर नुकसानभरपाईच्या अर्जात तिची नोंद 'हलगर्जी' अशी होते.

घरात या सर्वाला एकच नाव आहे : 'आई चिडचिडी झाली आहे.'

या विषयावर एक जुना आणि वादग्रस्त सिद्धान्त आहे. मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ रजपूत स्त्रियांशी बोलून १९७५ साली असे मांडले की, त्यांना पाळी जाण्याचा म्हणण्यासारखा त्रास होत नाही. कारण त्यांनी असे दिले : पाळी गेली की घुंगट-पडद्याची बंधने सुटतात, पुरुषांच्या बैठकीत बसता येते, मान वाढतो, जेथे निवृत्ती हे बक्षीस आहे तेथे कुरकूर कशाला होईल? आपल्याकडेही म्हाताऱ्या बायका 'विटाळ गेला, सुटले एकदाची' असे म्हणतच असत. पूजेला, लोणच्याच्या बरणीला हात लावायला, वारीला जायला मोकळीक मिळे; ती सुटका खोटी नव्हती. तथापि मला हा सिद्धान्त वालीवला लावता येत नाही. जिची विटाळाची बंधने पोटासाठी रोज लोकल पकडताना केव्हाच गळून पडली, तिला पाळी गेल्याने कोणती नवी मोकळीक मिळणार? आणि मान वाढण्याचे म्हणाल तर गाळ्यात पन्नाशीच्या बाईचा मान वाढत नाही, तिचा हात मंदावला असा शेरा मिळतो. शिवाय त्रास नाही आणि त्रासाला शब्द नाही, यांत फरक आहे. भारतातील अनेक पाहण्यांत या वयाच्या स्त्रिया वाफांपेक्षा सांधेदुखी आणि थकवा यांच्या तक्रारी अधिक करतात. गुडघा दुखतो असे चारचौघांत म्हणता येते. वाफ येते असे म्हटले की वय कळते, पाळी गेल्याचे कळते, आणि मग हसणारे हसतात.

मराठीत या गोष्टींबद्दल उघडपणे लिहिण्याची परंपरा नाही असे कुणी म्हणू नये. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ पर्यंत, खटले अंगावर घेऊन, चालवले. त्यानंतर सरकारनेही स्त्रीच्या गर्भाशयात पुष्कळ लक्ष घातले : कुटुंबनियोजन, शस्त्रक्रियांची शिबिरे, तांबी, लोहाच्या गोळ्या, बाळंतपण. पण हे लक्ष ती प्रसवू शकते तोपर्यंतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी या देशातील सर्वांत मोठ्या आरोग्य-पाहणीत ज्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या जातात त्या १५ ते ४९ वयाच्या. पन्नासावे वर्ष लागले की बाई त्या प्रश्नावलीतून बाहेर पडते. ज्याची मोजणी नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागायची तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी सुटत नाही.

सरकारचे लक्ष जेथे संपते तेथून बाजाराचे सुरू होते. पाळीच्या तक्रारी घेऊन बाई खाजगी दवाखान्यात गेली की काही ठिकाणी तिला लवकरच ऐकावे लागते : "मुले झाली ना? मग पिशवी काढून टाका, कटकट संपेल." वालीवच्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ते कोठवर जाते हे पाहायचे तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांमधील गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. त्यांत तिशीच्या आतबाहेरच्या मुली होत्या. कारखान्याची उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. खाडा झाला तर दंड कापला जातो. फडात संडास नाही, पाणी नाही. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून पाळीचे मूळच उपटून टाकायचे, असा तो हिशेब. आता यात आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट अशी की पिशवीसोबत बीजकोशही काढले तर चाळिशीनंतर सावकाश यायची ती निवृत्ती तिशीत एका रात्रीत येते आणि वाफा, घाम, हाडांची झीज हे सर्व अधिक तीव्रतेने येते. बीजकोश ठेवले तरी ती पुष्कळदा लवकर येते. कटकट संपवण्यासाठी कर्ज काढून केलेल्या शस्त्रक्रियेतून ही नवी कटकट विकत घेतलेली असते. उसाच्या फडात आणि वालीवच्या गाळ्यात अंतर बरेच आहे, परंतु 'खाडा' हा शब्द दोन्हीकडे सारखाच चालतो.

याचा अर्थ वैद्यकात उपाय नाहीत असा मुळीच नाही. संप्रेरकांचे उपचार वाफांवर गुणकारी आहेत. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत छातीच्या कर्करोगाचा व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दिसला म्हणून त्या थांबल्या आणि जगभर भीती पसरली. पुढे त्याच माहितीची फेरतपासणी झाली तेव्हा साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांच्या बाबतीत फायदा जोखमीहून अधिक भरतो, असे मत तज्ज्ञांत स्थिरावले. छातीचा कर्करोग किंवा गुठळ्या होऊन गेलेल्यांना हे औषध नको. संप्रेरकांवाचून काम करणारी औषधेही आता निघाली आहेत. यांतले कोणते कुणाला द्यावे हे डॉक्टरने तपासून ठरवायचे आहे. माझा आग्रह तपासणीपुरताच आहे. कारण रात्रीचा घाम हा पाळी जाण्याचाच असेल असे नाही. खोकला, बारीक ताप आणि वजन घटणे यांच्या जोडीला रात्री घाम येत असेल तर तो क्षय असू शकतो, आणि कोंदट गाळ्यांत व दाट वस्त्यांत क्षयाचे वास्तव्य नवे नाही. थायरॉइडच्या बिघाडातही घाम येतो. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते कधीही 'वयाचे आहे' म्हणून सोडून द्यायचे नसते; त्यात कर्करोगाची शक्यता असते. 'या वयात असे व्हायचेच' हे वाक्य घरच्यांनी, शेजारणींनी आणि काही वेळा डॉक्टरांनीही उच्चारले, म्हणजे हे सारे रोग त्याच्या आड लपून बसतात.

येथे कायद्याकडे वळतो. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कामगार संघटनांनी त्यांना विरोध केला तो रास्त आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांना 'कारखाना' म्हटले होते, ती मर्यादा वीसवर गेली आणि वालीवचे कितीतरी गाळे त्या व्याख्येतून सुटले. तो लढा चालू राहीलच. मात्र याच संहितांचा डंका पिटताना सरकारने एक गोष्ट जाहीरपणे कबूल केली आहे : चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी मालकाने करून द्यावयाची. प्रतिपक्षाच्या कायद्यातले एखादे कलम आपल्या उपयोगी पडत असेल तर ते वापरण्यात कमीपणा नाही. ही तपासणी वजन, रक्तदाब, साखर आणि एक सही एवढ्यावर उरकली जाण्याचा धोका उघड आहे. म्हणून तिच्या कागदावर स्त्रियांसाठी काय विचारले जावे हे आपणच आधी लिहून द्यावे : पाळी शेवटची केव्हा आली, रक्तस्राव किती, वाफा येतात का, रात्री झोप लागते का, पिशवी काढली आहे का व कोणत्या वयात. तपासणारी स्त्री डॉक्टर असावी, आणि कागद मालकाच्या नव्हे तर त्या बाईच्या हाती राहावा. शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाही तर ही तपासणीच कामावरून कमी करण्याचे निमित्त होईल.

काही तरुण कार्यकर्त्या याहून पुढची मागणी करतात : या काळासाठी स्वतंत्र पगारी रजा. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतील स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा आहे, मग ही का नको, असा त्यांचा सवाल. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, तरी मी या मागणीच्या बाजूने नाही, निदान वालीवपुरती नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या एका समितीने २०२२ साली अशा रजेचा प्रायोगिक उपक्रम सुचवला, आणि २०२३ च्या जानेवारीत तेथील सरकारने उलटे परिणाम होतील म्हणून तो नाकारला. तेथील सरकारचे कारण पळवाटीचे असेलही. आपल्याकडे मात्र ते अक्षरशः खरे ठरेल. पंधरा माणसांच्या गाळ्यात, जेथे नेमणुकीचे पत्रच नाही, तेथे रजेचा हक्क कागदावर येण्याआधी पंचेचाळिशीच्या बायकांना 'उद्यापासून येऊ नका' हा निरोप जाईल. सरकारी कचेरीत रजा हा हक्क असतो. रोजंदारीवर ती बेकारीची पहिली पायरी होते. ज्यांचा ईएसआय भरला जातो त्यांना आजारपणाच्या रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय आजही आहे; ती मिळवण्यासाठी आधी नाव नोंदलेले हवे, आणि त्या लढ्याला वयाची किंवा लिंगाची अट नाही.

मला मागणी सर्वांसाठी हवी, लाभ मात्र हिला सर्वांआधी व्हावा अशी. छपराखाली उष्णतारोधक थर आणि वरून हवा ओढणारा पंखा. प्रत्येक गाळ्याच्या आवारात पाण्यासह, किल्लीवाचून उघडणारा संडास. पिण्याचे थंड पाणी हाताशी. नगाच्या कामात दर दोन तासांनी दहा मिनिटांची मोजलेली विश्रांती, जिचे नग कापले जाणार नाहीत. आणि बसायला स्टूल. हे स्टूल क्षुल्लक वाटेल, पण केरळमध्ये कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याचा हक्क मागितला तेव्हा त्यांनाही लोक हसले होते. २०१८ साली त्या राज्याने आपला दुकाने व आस्थापना कायदा बदलला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. यांतली एकही मागणी मांडताना कुणा बाईला आपले वय सांगावे लागत नाही. पुरुष कामगारही घामाने भिजतो, तोही या मागणीत मनापासून उभा राहील.

राहिला प्रश्न बोलण्याचा. गेटसभेत हा विषय निघणार नाही, निघू नयेही. संध्याकाळी बायकांना स्वयंपाकाची आणि गाडीची घाई असते, म्हणून साप्ताहिक सुटीच्या दिवशी दुपारी, पाणी भरून झाल्यावर, वस्तीतल्याच एखाद्या घरात दहा-बारा जणींनी बसावे आणि वसईतल्या कुणा स्त्री डॉक्टरला तासभर बोलवावे. आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी त्या दिवशी एवढेच करावे की घरी पोरे सांभाळावीत, आणि आदल्या रात्री आपली आई किंवा बायको कितीदा उठली हे विचारून ठेवावे.